चन्नप्पाची गवाही आणि माझी

मार्गशीर्ष शुद्ध ३, शुक्रवार. १३३५ फसली. चौसाळा, निजाम इलाखा.
आजपासून रोज लिहायचं. गावात एवढं मोठं प्रकरण झालं आणि त्याची नीट नोंद ठेवणारा एकही शहाणा माणूस नाही. वडवणीकडच्या जहागीरदाराचा मुनीम दिवाळीच्या आधी आमच्या ओढ्यापाशी मारला गेला. पकडला गेला कोण, तर खुद्द जहागीरदाराचा पुतण्या. बीडच्या अदालतीत केस चालू आहे. सगळा जिल्हा तेच बोलतो.
सरकारचा मुख्य गवाह आमचा चन्नप्पा. माझा साडू. माझ्या कापडदुकानाला लागूनच त्याचं तेलाचं दुकान. त्या संध्याकाळी त्याने पुतण्याचा घोडा ओढ्याकाठच्या बाभळीला बांधलेला पाहिला. एक पाय पांढरा. माणूस पाहिला नाही, खून पाहिला नाही. घोडा पाहिला.

मार्गशीर्ष शु. ६, सोमवार. दुपार.
परवा चन्नप्पाची अदालतीत पेशी झाली. आज ती त्याने साग्रसंगीत सांगितली. माझ्या ओसरीवर. पंचवीस माणसं. म्हणे गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन हलफ, म्हणजे शपथ, घेतली आणि नाझिमसाहेब, म्हणजे मोठे जज्ज, ऐकता ऐकता मान हलवत होते. माझ्या बायकोने, शिवगंगेने, त्याला धपाट्यावर लोण्याचा गोळा वाढला. मला नुसतं धपाटं. लोणी संपलं म्हणाली. वर म्हणते, दाजी लई धीराचे हायती, आपल्यातलं कुणी नाझिमापुढं तोंड तरी उघडंल का. आपल्यातलं म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. जळलो, हे मात्र खरं. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझं बोलणं ती अशी गालाला हात लावून एकदाही ऐकत बसलेली नाही.

मार्गशीर्ष शु. १०, शुक्रवार. सकाळ.
निश्चय: चन्नप्पाचं नाव या घरात काढायचं नाही.
संध्याकाळ. तीनदा निघालं. तिन्ही वेळा मीच काढलं. पण ते दुकानाच्या संदर्भात.

मार्गशीर्ष वद्य १, गुरुवार.
काम फत्ते. पोलिसांचे अमीनसाहेब तपासाला आले होते. त्यांना सांगितलं की त्या संध्याकाळी मी ओढ्यापाशी होतो आणि पुतण्याला डोळ्यांनी पाहिलं. घोडा नव्हे, माणूस. साहेबांनी उर्दूत पानभर लिहून घेतलं.
यात खोटं फारसं नाही. ओढा मी रोज पाहतो. पुतण्याला एकदा वडवणीच्या बाजारात पाहिलं होतं. दोघांना एकत्र पाहिलं नाही, एवढंच. त्या संध्याकाळी मी पोट बिघडून घरीच पडलो होतो, पण ते फक्त शिवगंगेला ठाऊक, आणि बायका असल्या गोष्टी कुठे लक्षात ठेवतात.
घरी सांगितलं, मीसुद्धा गवाह. शिवगंगा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. बघितलं तर खरं.

पौष शु. २, शनिवार.
समन आलं. पेशी सोमवारी. आठ दिवस प्रॅक्टिस चालू आहे. रामहरी न्हाव्याला नाझिम करून बसवलं, तो म्हणाला, फर्स्टक्लास जमतंय, शेट.
एक अडचण. आज पूजेला लिंग तळहातावर घेतलं आणि हलफ आठवली. हे माझ्या ध्यानातून सुटलं कसं? लिंग घरी ठेवून जावं, तर ते अंगावर नसताना आम्हा लिंगायतांना पाणीसुद्धा चालत नाही, आणि बीड दिवसभराची वाट. मधे रुमाल धरला तर चालेल का, असं मठातल्या स्वामींना सहज विचारलं. त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यावर रुमालाचा विषय संपला. तेव्हा हलफ तोंडाने घ्यायची आणि मनातल्या मनात लगेच परत करायची. हा पॉइंट कुणाला सुचला नसता.
शिवगंगा येणार म्हणते. तिची बहीण शांतादेवी आणि चन्नप्पाही. एकाच बैलगाडीत.

पौष शु. ४, सोमवार. बीड. सकाळ.
मठात उतरलो आहोत. नेमका सोमवार. लिंग आज फार जड वाटतंय. थंडीमुळे असेल.

तोच दिवस, संध्याकाळ.
झालं. पेशकाराने, म्हणजे अदालतीच्या कारकुनाने, पुकारलं, कल्याणराव कापडवाले हाजिर. लिंग तळहातावर घ्यायला लावलं. हलफ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, त्या संध्याकाळी कुठे होता? मी हलफ परत करायला लागलो होतो, पण तोंडून निघालं, घरी. वकील म्हणाले, नीट आठवा. नीट आठवलं. सांगितलं, पोट बिघडलं होतं. मुल्जिमाच्या, म्हणजे पुतण्याच्या, वकिलाने उठून विचारलं, किती वेळा गेला होता? म्हटलं, सात. पेशकाराने सात लिहिलं. नाझिमसाहेब हसले. चन्नप्पाला त्यांनी नुसती मान हलवली होती. मग खडसावलं, की अमीनपुढे खोटं बोललास म्हणून आत टाकलं असतं, पण इथे खरं बोललास, जा. अदालत उठेपर्यंत ओसरीत उभं राहायची शिक्षा.
मी हे विचारपूर्वक केलं.
मठात आल्यावर शिवगंगा हळूच म्हणाली, सात न्हाई, नऊ वेळा गेलतात. म्हणजे तिच्या लक्षात होतं. मग आधी कावून बोलली न्हाईस, असं विचारलं. म्हणाली, तुमी लई खुशीत होता. मला उगाचच भरून आलं. चन्नप्पापासून लपवलेली अशी एक तरी गोष्ट आमच्या दोघांत आहे.

पौष वद्य १, शनिवार.
फैसला झाला. पुतण्याला जन्मठेप. चन्नप्पाची गवाही भरवशाची, असं नाझिमसाहेबांनी लिहिलंय. नाव माझंही आहे: हा गवाह काही कामाचा नाही. पण त्याचं नाव तिसऱ्या पानावर, माझं दुसऱ्या.

पौष वद्य ३, सोमवार.
चन्नप्पा आता घोड्याचं सांगत नाही. माझं सांगतो. आज ओसरीवर चाळीसेक माणसं, वडवणीचीसुद्धा. मला बसायला जागा उरली नाही, खांबाला टेकून उभा राहिलो. माझा आवाज तो हुबेहूब काढतो, हे कबूल करावं लागेल. वकिलाच्या सवालापाशी आला आणि म्हणाला, नऊ. अदालतीत सात लिहिलेलं आहे. नऊ एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस दाराशी गालाला हात लावून ऐकत होतं आणि हसून हसून डोळे पुसत होतं.
मी पुढे होऊन म्हटलं, हलफेच्या आधी मी खाकरलो होतो, ते राहिलं.
शिवगंगा म्हणाली, जरा गप ऱ्हावा की, दाजींचं ऐकू द्या.