नऊ वितींची खिडकी

प्रिय धाकट्या,

काल तुझा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो मुद्दाम उचलला नाही. तू दोनच गोष्टी विचारणार, भाडेकरू मिळाला का आणि ताई, परत कधी येतेस. उत्तरं फोनवर द्यायची नव्हती. मधेच तोंड घालायची तुझी सवय कागदावर तरी चालत नाही.

आधी तुझ्या गुंतवणुकीबद्दल. पैसे माझे, पण डोकं तुझं, म्हणून तुझीच म्हणते. इथल्या जागा आपल्याला परवडायच्या नाहीत, दुसऱ्या राज्यात घे, एजंट सगळं बघेल, तू नुसतं घरबसल्या भाडं घे, असं तू दोन महिने माझ्या कानीकपाळी ओरडलास. तीस वर्षांत दोनदा माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावली नाही. आणि आयुष्यभराची पुंजी मात्र मोबाइलवरचा चार मिनिटांचा व्हिडिओ बघून देऊन टाकली. त्यात स्वयंपाकघरामागची पिठाची गिरणी दिसली नव्हती. दिवसभर ओटा थरथरतो.

पडद्यांचं तर तुला सांगितलंच नाही. पडदे असले की भाडं जास्त येतं, हेही तुझंच शहाणपण. एजंटाकडे टेप नव्हती, खिडकी नऊ विती आहे म्हणाला. मी बावळटासारख्या माझ्या नऊ विती मोजल्या आणि छान अस्तर लावून पडदे शिवून पाठवले. तो बाबा ताडमाड उंच. इथे येऊन बघते तर मधे हातभर फट. आधीच्या भाडेकरूने दोन वर्षं तिथे वर्तमानपत्र चिकटवलं होतं, बिचारा एका शब्दाने बोलला नाही.

नळाचीही तीच गत. एजंटाने दुरुस्तीचे पैसे तीनदा घेतले आणि तीनदा एकच फोटो पाठवला. नळावर वाळत टाकलेल्या फडक्याची वाकडी शिवण तिन्ही वेळा तश्शीच होती, म्हणून पकडला. पण हजार किलोमीटरवरून पकडून करणार काय, कपाळ?

शेवटी तो भाडेकरू बदली होऊन गेला आणि तू म्हणालास, दोन दिवस जा, नवा माणूस बसव आणि ये. आज एकोणीस दिवस झाले. माणसं येत नाहीत असं नाही. पहिल्याला गिरणी नको होती, ठीक आहे. दुसरं जोडपं मात्र चांगलं होतं, आगाऊ रक्कम घेऊनच आलं होतं. त्यातल्या बाईने खिडकीपाशी बोट दाखवून सांगितलं, इथे आमचा सोफा येईल. मला इतका राग आला की घर आधीच दिलंय असं धडधडीत खोटं बोलले. तिसऱ्याला तर दारच उघडलं नाही.

राग कशाचा, ते मला दोन दिवसांनी कळलं. आपल्या घरी माझं मशीन आधी मधल्या खोलीत होतं. तुझ्या लेकीला अभ्यासाला खोली हवी झाली, ते गॅलरीत गेलं. गॅलरीला काचा बसल्या, ते जिन्याखाली आलं. मी हूं की चूं केलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी तुझी बायको सुताराला सांगत होती, जिन्याखाली चपलांचं कपाट करायचं. तिच्यावर माझा राग नाही, ती परक्या घरून आली. पण टेपचं दुसरं टोक धरून तू उभा होतास, धाकट्या. मशीन कुठे जाणार, हे तुला विचारावंसं वाटलं नाही.

तर भाडेकरू मिळाला आहे. बावन्न वर्षांची, एकटी, शिवणकाम करते, गिरणीच्या आवाजाचं तिला काही वाटत नाही. आज सकाळी एजंटाला जाहिरात काढायला लावली. माझं मशीन ट्रान्सपोर्टने पाठवून दे, वरचा भाग गोधडीत नीट गुंडाळ. लोक काय म्हणतील असं तू म्हणशील. त्यांना सांग, ताई गुंतवणूक बघायला गेली आहे. तुझी आठवण येते, खोटं कशाला बोलू. पण परत ये म्हणण्याआधी मला एवढंच सांग, आल्यावर मी बसायचं कुठे?

तुझीच,
ताई