गाठीचं तेवढं सांगितलं

महेशच्या आप्पांना,

तुम्ही नामपूरला भाचीच्या लग्नाला गेलात, म्हणून निवांत लिहायला बसले. सकाळची गोळी घेतली, झेंडू तोडून पंचवटीच्या बाजारात धाडला. खोकला जवळजवळ गेलाय.

परवा दवाखान्यात तुम्ही बाहेर बाकावर मान खाली घालून बसला होता. मी अन् सूनबाई शुभांगी आत. मी डॉक्टरांना विचारलं, "मी जन्मात विडीला शिवले नाही, मग फुप्फुसाचा कॅन्सर मला कसा? ह्यांच्या धुरानं का?"

ते म्हणाले, "धूर वाईटच, पण दोष त्यांच्या माथी मारू नका. तुमच्या गाठीतल्या जीनमध्ये जो बदल सापडलाय, तो विडी न ओढणाऱ्या बायकांत जास्त दिसतो, आपल्या आशियात तर आणखीच. म्हणून तर ही गोळी लागू पडली. गाठ निम्मी झालीय."

बाहेर येऊन तुम्हाला गाठीचं तेवढं सांगितलं. शुभांगीला डोळ्यांनीच गप्प केलं.

चाळीस वर्षं घसा कोरडा केला, तुमची विडी सुटली नाही. माझा रिपोर्ट आला त्या दिवशी मात्र 'माझ्याच धुरानं झालं' म्हणत अख्खं बंडल चुलीत टाकलंत. आता रोज डाळिंब सोलून देता, जिना चढताना तुम्हाला धापही लागत नाही.

लय वाईट वागतेय मी, कळतं मला. पण तुम्हाला खरं कळलं, तर त्याच दिवशी काडी ओढाल. म्हणून हे पत्र मसाल्याच्या डब्याखाली ठेवतेय. मी आधी गेले तर सापडेल. तेव्हा खुशाल रागवा, पण विडी न पेटवता.

तुमची,
नवसा