मिटून ठेवलेला डोया

४ मार्च १९६९, मंगळवार. अकोला.
बाराचा शो. बाहीर ऊन असं का डांबर चपलेले चिकटे. बॅटरीवाल्यानं टाकीजच्या दारात उभं राहाचं तं एक डोया मिटून, हे इथल्या जुन्या बॅटरीवाल्या रहीमचाचानं पहिल्याच दिवशी शिकोलं. मिटलेला डोया अंधार जपून ठेवते. आत शिरलं का तोच उघडाचा, बॅटरी न लावता खुर्च्या दिसतेत. त्याच्यापायी रांगेतल्या बायांनी मॅनेजरजोळ तक्रार केली, पोट्टा डोया मारते म्हणून. मारतोबी कधी कधी.
आज उघडला तं कायंभोर. एका शेटजीले नेऊन बसोलं ते पयलवानाच्या मांडीवर. अख्खी रांग हासली. "वामन्या, तुया खोड्या!" मीबी हासलो.
खोडी नोती.

९ मार्च, रवि.
सेल बदलून पायले. डोया सकायपासून पट्टी बांधून ठेवून पायला. काही नाही. चाचा इंटरवलमंदी बिडी ओढत म्हणे, "अंधेरा धीरे धीरे खुलता है बेटा, सबर कर." लोक येतेत, चाचपडतेत, जराशानं हुशार होतेत. मी इथलाच, अन शो सुटेपर्यंत नवा.

१४ मार्च. अमरावती.
घरी सांगतलं मावशीकडे चाललो. गेलो दवाखान्यात. डोयाचा डाक्टर तरणा, पुणेरी बोलते. भितीवरचा तक्ता म्या खालच्या ओयीपर्यंत वाचला, मंग उलटाबी वाचून दाखोला. हासला नाही. डोयात उजेड पाडून लय येळ पाहत बसला.
म्हणे डोयाच्या पडद्यात बारीक काड्या असतेत, अंधारात पाहाच्या. अंधारात त्याइची दारं उघडी, मिठाचे कण आत वाहत राहतेत, एकसारखे. उजेडाचा ठिपका पडला का दारं बंद. वाहणं थांबलं, हीच मेंदूले वर्दी. हे बाहेरदेशी आत्ता आत्ताच कयून राह्यलं म्हणे.
म्या म्हटलं, "मंजे आमच्या टाकीजच्या उलट. आमी अंधार केला का दारं लावतो."
यावर जरासा हासला. मंग म्हणे, "तुमच्या काड्या कडेकडेनं मरताहेत."
"दारं नवी बसोता येत नाही का?"
"दारं नाही हो, भिंतच चाललीय."
आईकडे कोणाले रातचं दिसत नाही का, इचारलं. म्या नाही म्हटलं. बडनेऱ्याच्या टांग्यात बसल्यावर मामा आठोला.

१८ मार्च. बार्शीटाकळी.
मामाले साऱ्या गावात कोंबडा म्हणतेत. दिवे लागाच्या आत घरात, मंग बोलावलं तरी बाहीर येत नाही. आमी समजत होतो आयशी हाय, नाहीतं मामीले भेते. मी त्याच्या दारात कुकुचकू करत मोठा झालो.
मामीनं कलेजी केलती. मामा लग्नापासून तेच खाते, त्यानं रातचं दिसते म्हणून. "बकऱ्याले दिसत असन बाप्पा. मले तं नाही दिसलं."
म्या डाक्टरचं सांगतलं. जेवण थांबोलं त्यानं.
"तुयबी?"
"हो."
"आईले सांगतलं?"
"नाही."
"नोको सांगू. रडन, अन चार घरी सांगन." हात धुवाले उठला, मोरीजोळ भितीले हात लावून उभा राह्यला. "आंधया म्हटलं असतं तं पोरगी कोणं देली असती? त्यापरीस कोंबडा बरा."

२३ मार्च, रवि.
हाउसफुल. पिक्चर सुरू झालतं. एका म्हाताऱ्या बाईले बाल्कनीत नेत होतो. बॅटरीच्या उजेडाचा गोल सोडून बाकी सारं विहीर. मले वाटलं पायऱ्या सरल्या. म्हटलं, "या आजी, आता सपाट हाय."
एक पायरी होती.
हात मोडला तिचा. आवाज आला मले.
मॅनेजरनं ऑफिसात नेलं. "खोडी केली का बे?" रहीमचाचा दारात उभा. तोंडात होतं, सायेब, मले दिसत नाही. पण मंग उद्यापासून काय करू? सातवी नापास. अन गावात काय म्हणतीन ते मामानं सांगतलंच होतं.
"हो," म्हटलं. "गंमत केली."
लय मारलं. म्हणे अजून एक खोडी, का बाहीर. पोट भरून घेतला मार. आजी रिक्षात बसता बसता म्हणे, "तुया घरीबी म्हातारं माणूस असन ना रे बाबू."
जेवलो नाही. आईनं काहून इचारलं. म्हटलं, पोट दुखते.

२६ मार्च, बुध.
सकायी झाडूवाला गेल्यावर रिकाम्या टाकीजमंदी दोन्ही डोये मिटून चालून राह्यलो. खुर्चीची पाठ, खुर्चीची पाठ, मोडकी पाठ, तिथून डावीकडे. बाल्कनीची शेवटची पायरी दुसऱ्यापरीस जराशी उंच हाय. एवढे साल चढलो, आज कयलं.
चाचा कधी आला, समजलं नाही. "अब किसकी फिरकी लेने की तैयारी?"
"मोठी हाय चाचा."
तो हासला नाही. जाऊन हॉलचे दिवे बंद केले, परत येऊन समोर उभा राह्यला. बिडीचा वास येत होता. म्हणे, "ले, बॅटरी पकड."
म्या हात पुढं केला. हाताले काहीच लागलं नाही. उजवीकडे नेला, मंग खाली.
त्यानं त्या अंधारातबी बरोबर माह्या मनगटाले धरून बॅटरी हातात देली. अन बराच येळ मनगट सोडलं नाही.
बाराचा शो हाय. लोक बाहीर जमून राह्यले.