धरणातल्या बेटावरची मोजणी

बाबा, गेल्या वर्षी एप्रिलात मी तुमच्या धरणावर जाऊन आले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. अकोल्याहून सकाळच्या गाडीने अमरावती, तिथून मोर्शी, आणि पुढे प्रकल्पाची जीप घ्यायला आली होती. काम असं होतं की धरणाच्या पाण्यातलं ते बेट, बुडालेल्या गावाची टेकडी, जिला तुम्ही नुसतं टेकडं म्हणायचे, तिथे तीन वर्षांपासून एक संस्था पक्षी वाचवायचं काम करत होती. नदी सुरय नावाचा पांढरा, लांब शेपटीचा पक्षी उन्हाळ्यात त्या बेटाच्या वाळूवर अंडी घालतो. घरटं असं नाहीच, वाळूत छातीने केलेला खळगा. पाणी उतरलं की बेट आणि काठ यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी उघडी पडते, तिच्यावरून कुत्री जातात, बकऱ्या जातात, आणि उरलेल्या जागेत बेशरम आणि विलायती बाभूळ माजते. दरवर्षी बेट थोडं थोडं संपत होतं. संस्थेचं म्हणणं होतं की त्यांनी ते सावरलं. त्यांना मदत देणाऱ्या मंडळाने मला विचारलं, तुम्ही प्राणिशास्त्र शिकवलंय, त्या भागातल्या आहात, जाऊन बघून सांगाल का, काम खरंच झालंय का. मी लगेच हो म्हटलं. कुणाचं काम खरंच झालंय का हे शोधायला मला नेहमीच आवडत आलंय. हा संशयी स्वभाव मी तुमच्याकडून घेतला असं आई म्हणायची. तो तुमच्याकडून आला नाही, तुमच्यावरून आला. ते पुढे लिहिते.

पहिल्या दिवशी मला सगळंच खोटं वाटलं. काठावरच्या फलकाचा रंग इतका ताजा होता की बोटाला लागला. प्रकल्प सांभाळणारा माणूस अमरावतीचाच, पस्तिशीचा, फार नम्र. त्याने आलूबोंडे मागवले, संत्र्याचा रस मागवला, माझी पिशवी स्वतः उचलली. गावातल्या चार बायका बोलावून ठेवल्या होत्या, त्या चौघींनीही 'जैवविविधता' हा शब्द न अडखळता म्हटला. बेटावर मात्र त्याने उतरू दिलं नाही. पक्षी दचकतात, अंडी उन्हात उघडी पडतात, आपण नावेतूनच दुर्बिणीने पाहू, असं म्हणाला. म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला ते जास्त खटकलं. नावेतून मला पांढरे ठिपके उठताना-बसताना दिसले. किती, ते तिथून कुणालाच सांगता आलं नसतं. त्याच्या अहवालात मात्र दरवर्षीचा आकडा होता, पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी मोठा, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या वर्षी मोठा, जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसा. पाखरं अशी शिस्तीत वाढत नाहीत.

अहवालात पहिल्या वर्षीचा एक तक्ता होता. अमुक दिवशी बेटाच्या दक्षिणेच्या वाळूवर इतकी घरटी मोजली, असं त्यात लिहिलं होतं. दक्षिणेची वाळू वाचली आणि मी थांबले. तुम्ही रोज पाणीपातळी नोंदवायला जायचे, तेव्हा तुमच्याबरोबर पाणी पाहायला यायची ना मी, दहा वर्षांची असेन, धरणाच्या पोटात उतरणाऱ्या त्या पायऱ्यांवरून, जिथे आकड्यांच्या पट्ट्या ठोकलेल्या आहेत. पट्टीवर कोणता आकडा उघडा पडला की टेकड्याच्या दक्षिणेला वाळू दिसते, ते तुम्हीच मला दाखवलं होतं. एकदा मी वरूनच म्हटलं, पाणी कालच्याएवढंच आहे, लिहून टाका. तुम्ही वही मिटली. मला हाताला धरून खाली नेलं, सगळ्या पायऱ्या, एप्रिलच्या उन्हात. तिथे म्हणाले, "पाहून लिव. न पाहता लिवलं त पाण्याले काही फरक पडत नाही, खालच्या मानसाले पडते." मी रडले होते, पायरी तापलेली होती आणि माझ्या पायात चप्पल नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी धरणाच्या शाखा कार्यालयात गेले. आपण राहायचो त्या कॉलनीतली घरं आता पडीक आहेत, पण कार्यालय त्याच जागी आहे. तिथला अभियंता तरुण आणि सरळ होता. त्याने पाणीपातळीची नोंदवही समोर ठेवली. त्या तारखेला दक्षिणेची वाळू पाण्याखाली होती. त्या वर्षी कालव्याला पाणी कमी सोडलं होतं, धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं, वाळू थेट मे संपता संपता उघडी पडली. म्हणजे तक्ता घरी बसून भरलेला. मला आनंद झाला, बाबा. खोटं सापडलं की मला होतो तो आनंद, त्याची लाज वाटायला हवी पण वाटत नाही.

मग त्या पोराने सहज म्हणून सांगितलं की जुन्या वह्या मागच्या कपाटात आहेत. मी म्हटलं, माझे वडील इथे होते. त्याने किल्ली दिली.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. तुम्हाला मेमो आला. घरात कुणी काही बोललं नाही, आईने दोन दिवस भाजीत मीठ जास्त टाकलं, आणि शेजारच्या काकूंनी नळावर सांगितलं की तुझे बाबा घरी बसून आकडे टाकत होते, साहेबाने पकडलं. मी तुम्हाला विचारलं नाही. तापलेली पायरी आठवली आणि वाटलं, मला शिकवायचं आणि स्वतः हे. त्यानंतर तुम्ही सांगितलेली कुठलीही गोष्ट मी दुसऱ्याकडून तपासून घेत गेले. गाडीची वेळ, औषधाचं नाव, आजोबांची गोष्ट. तुम्हाला ते कळत असावं. तुम्ही माझ्याशी कमी बोलू लागले ते त्याच सुमारास.

वही सापडायला वेळ लागला नाही, तुमचं अक्षर लांबूनच ओळखू येतं. मेमोच्या आधी टायफॉइडने तुम्ही अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात होते, ते दिवस मी शोधत होते; आकडे टाकले असतील तर त्याच दिवसांचे. ती पानं कोरी होती. एकेका तारखेपुढे तुमच्याच अक्षरात, घरी आल्यावर लिहिलेलं, "आजारी. पाहिले नाही." आणि त्याच पानाला टाचणीने मेमोची प्रत लावलेली. नोंदी रिकाम्या का ठेवल्या, मागच्या-पुढच्या दिवसांवरून अंदाजाने का भरल्या नाहीत, याचा खुलासा करावा. एवढंच. तुम्ही आकडे टाकले म्हणून मेमो आला नव्हता. टाकले नाहीत म्हणून आला होता.

आधी रडू आलं असं लिहावंसं वाटतं, पण आधी राग आला. एक वाक्य होतं, बाबा. जेवताना सांगता आलं असतं. आणि खरं सांगते, त्यानंतर मी पुढच्या दोन महिन्यांची पानंही उलटून पाहिली, मेमोनंतर घाबरून कुठे अंदाजाने भरलंय का. कुठे काही खटकलं नाही. मी मात्र पाहिलं.

संध्याकाळी मी प्रकल्पवाल्या माणसाला विचारलं. त्याने वाद घातला नाही. म्हणाला, पहिल्या वर्षी बेटावर जायला नावच मिळाली नव्हती, वरून रोज फोन यायचे की आकडा पाठवा. मग एकदा टाकला. पुढच्या वर्षी त्याहून कमी कसा टाकणार? "मॅडम, कमी लिवलं असतं त बंद केलं असतं त्यायनं. पन पाखरं त हायेत ना तिथं?" मी म्हटलं, ते उद्या मी एकटी जाऊन पाहीन. तो मान खाली घालून बरं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाहून एका कोळ्याची नाव घेऊन मी बेटावर गेले, सकाळी, ऊन व्हायच्या आत. तिथे पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळल्या काड्यांचं, एक खोपटं होतं आणि त्यात एक बाई. भोयांच्या घरची, साठीची, प्रकल्पाने राखणीला ठेवलेली. काठापासून बेटाकडे येणाऱ्या त्या चिंचोळ्या पट्टीवर तिने बोरीच्या काट्यांची आडवी ओळ रचली होती, पाणी उतरेल तशी दर दोन दिवसांनी लांबवत नेलेली. तिच्या हातांवर ओरखडे होते, जुने आणि नवे. मला तिचाही संशय आला. हिलाही पढवून ठेवलं असेल. म्हणून मी आडून आडून विचारलं, आकडे किती, मोजणी कधी होते. ती म्हणाली, "मोजायले कोनी येतच नाही मॅडम. मले बी कोनी सांगतलं नाही. मी कुत्रे हाकलतो, बस." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुमी कावून एवढं उलटंपालटं विचारून राहिल्या? चाला, दाखवतो."

ती पुढे आणि मी तिच्या पावलावर पाऊल ठेवून मागे. वाळूच्या रंगाची ठिपक्यांची अंडी, दिसता दिसत नाहीत. डोक्यावर पक्षी ओरडत झेपा घेत होते, एकाने माझ्या पदराला चोच मारली. आम्ही पटकन मोजलं आणि बाहेर आलो. सतरा खळगे. अहवालातल्या आकड्याच्या जवळपासही नाही. पण तीन वर्षांपूर्वी इथे कुत्र्यांनी एकही अंडं ठेवलं नव्हतं असं कोळ्याने परतताना सांगितलं, आणि त्याला मी दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं.

मी अहवाल लिहिला. संस्थेच्या आधीच्या मोजण्या मानता येत नाहीत, ते रकाने कोरे धरावेत, हे लिहिलं. बेट मात्र खरंच राखलं जातंय, ते एक बाई राखतेय, तिचं काम कुठल्याही परिस्थितीत थांबवू नये, हेही लिहिलं, पहिल्याच पानावर, ठळक. मंडळाने पहिली गोष्ट आठ दिवसांत अमलात आणली. प्रकल्प बंद. दुसऱ्या गोष्टीवर विचार चालू आहे असं पत्र आलं, मग तसंच दुसरं पत्र आलं. प्रकल्पवाल्या माणसाला वाटत होतं तेच झालं. त्याने एकदाही फोन करून मला तसं ऐकवलं नाही, त्याचाही मला संशय येतो.

या वर्षी मेमध्ये त्या बाईचा फोन आला. माझा नंबर तिने त्या दिवशी कोळ्याकडून लिहून घेतला होता. मी उचलला नाही. तिचं काम माझ्यामुळे गेलं, ती आता काय बोलणार हे मला ठाऊक होतं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी परत आला, नाही उचलला. तिसऱ्यांदा मी भाजी निवडत होते, फोन ताटाशेजारी थरथरत राहिला आणि मी मेथी निवडत राहिले. चौथ्यांदा उचलला. ती म्हणाली, "पिल्लं उडाले मॅडम. सारेच नाही, पन गंज उडाले. तुमाले सांगा वाटलं." काम बंद झालं तरी ती या उन्हाळ्यातही बेटावर जातच होती. काट्यांची ओळ तिनेच लावली. कुणी सांगितलं नव्हतं. कुत्री येतात म्हणून, एवढंच म्हणाली.

आणि मी काय म्हटलं असेल, बाबा? मी म्हटलं, फोटो पाठवा.

मग ती म्हणाली, "माह्या फोनात फोटो नाही निघत. तुमी या ना पाहाले." तिच्या आवाजात राग नव्हता, मी दोनदा आठवून पाहिला.

हे पत्र कुठे टाकणार, त्या कॉलनीच्या पत्त्यावर आता पोस्टमन जात नाही. आज तिच्या फोनाला बारा दिवस झाले. बेटावर आता एकही पिल्लू नसेल, पावसाआधी ती निघून जातात. मी अजून गेलेले नाही.