बंद पाकीट, वर्ग अ

मंगळवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप बाबांच्या सेवेशी,

रागाने कानापर्यंत लाल झालेल्या जावयाचा साष्टांग नमस्कार. आपला डावा गुडघा आता कसा आहे? आईंचा खोकला थांबला का? इकडे आपली कन्या खुशाल आहे. माझ्याबद्दल विचाराल तर पुढे वाचा. (अक्षर कागदाच्या पलीकडे उमटलं असेल. पेनाचा दोष नाही, हाताचा आहे.) हे सगळं मी फोनवरच सांगणार होतो, पण माझा आवाज चढला की आपण रिसीव्हर टेबलावर ठेवून चहा प्यायला जाता, हे मला ठाऊक आहे, म्हणून आपल्या कन्येने मला कागद देऊन बसवलं आहे.

कारण असं की, मंडळाच्या सभासदत्वाच्या नूतनीकरणाचा, आपण चिटणीस या नात्याने पाठवलेला फॉर्म पोचला. 'मंडळात येऊन काय मिळवलं, काय गमावलं' यासाठी त्यात दोन ओळी सोडल्या आहेत. दोन ओळी! शिवाय मला कव्हर क्रमांक एकशे चौदा परत हवं आहे, आणि नियम अकरानुसार एकदा पेटीत टाकलेलं कव्हर परत मागता येत नाही, हे मला पाठ आहे. तरी मागतो आहे.

डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, मग यंत्र बदलून पुन्हा मोजला, आणि शांत बसायचा एखादा छंद लावून घ्या म्हणाले. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दहा ते पाच लोक माझ्यावर ओरडतात, मला उलट ओरडायची परवानगी नाही, ते मी घरी येऊन ओरडतो. यात माझं काय चुकतं? पण आपण लगेच आपल्या कव्हर-विनिमय मंडळाचा अर्ज माझ्यापुढे सरकवलात. तिकीट लावून, शिक्का खाऊन, टपालातून खरोखर प्रवास करून आलेलं अख्खं पाकीट म्हणजे कव्हर. अकरा सभासदांकडे एक पेटी फिरते. आवडेल ते कव्हर काढायचं आणि त्याच तोलाचं आपलं टाकायचं. हातात घेतलं की माणूस विरघळतो म्हणालात. बाबा, मी विरघळलो नाही. मी उकळलो.

माझी पहिली सात कव्हरं 'क' वर्गात गेली, का, तर मी पत्र बोट घालून फोडतो आणि कडा फाटते. जन्मभर सगळे असंच फोडत आलेत! दातांचे डॉक्टर असलेले आपले सभासद तर दात तपासायचा आरसा पाकिटात घालून आतला डिंक बघतात. त्यांनी मला चिठ्ठी पाठवली की पत्ता फार ठसठशीत आहे, पुढच्या वेळी पेन्सिलीने पुसट लिहवून घ्यावा, म्हणजे खोडता येईल. खोडता येईल म्हणजे? माझं नाव खोडायचं? मी त्यांना लिहिलेलं उत्तर आपल्या कन्येने टपालपेटीत टाकलं नाही, नाहीतर आज मंडळात दहाच सभासद असते. (अकरावे कोण गेले असते, यावर आमचं एकमत नाही.) आणि ही मंडळी एकमेकांना जी कव्हरं पाठवतात त्यांत काय असतं? कोरा पुठ्ठा! पाकीट वाकू नये म्हणून. पहिल्या महिन्यात मला नऊ पाकिटं आली. मी हौसेने एकेक फोडलं, नऊ कोरे पुठ्ठे निघाले. इतकी माणसं मला पत्र पाठवतात आणि कोणालाच काही सांगायचं नाही, याचा मला दोन दिवस राग आला होता.

घरात पंखा बंद, कारण कव्हरं उडतात. चहाला डिंकाचा वास, कारण कडा फाटू नये म्हणून आता पाकिटं किटलीच्या वाफेवर उघडायची. शिक्का तिकिटाच्या ऐन तोंडावर हाणल्याबद्दल मी पोस्टमनला चार शब्द सुनावले, तेव्हापासून तो आमचं टपाल फाटकातून भिरकावतो. शेजारीण आपल्या भाच्याचं पत्र दाखवायला आली, तर मी पत्र तिच्या हातात ठेवलं आणि पाकीट घेऊन आत गेलो. ती आता येत नाही.

मिळवलेलं लिहायचं तर लिहितो, खोटं बोलणार नाही. फेब्रुवारीतल्या पेटीत एक साधं तपकिरी पाकीट होतं, त्यावर कुठल्याशा लहानशा पोस्टाचा गोल शिक्का. तारीख स्वच्छ, अक्षर न् अक्षर लागतं. मीही कचेरीत दिवसभर शिक्के मारतो. त्या माणसाने तो शिक्का मारताना क्षणभर हात थांबवला होता, हे मला कळलं. मी अर्धा तास ते बघत बसलो. आपल्या कन्येने येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

आता एकशे चौदा.

माझी थोरली बहीण आपल्याला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी आई गेल्यावर तिने आईचं आरशाचं कपाट मागितलं. ते दारातून निघेना. मी म्हटलं राहू दे. तिने सुतार बोलावला आणि कपाट मधोमध कापून घेतलं! आरशाचा अर्धा भाग तिने नेला, फळ्यांचा माझ्याकडे आहे. (माझी सगळी कव्हरं मी त्यातच ठेवतो.) मी सुताराच्या देखत तिला म्हणालो, कपाट कापलंस तसं नातंही कापलंस असं समज. तिने तसंच समजून घेतलं. सहा वर्षं चकार शब्द नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी तिचं पत्र आलं. अक्षर लांबूनच ओळखलं. पाकिटावर 'श्रीयुत' अमुक अमुक! जिने माझं नाक पुसलं, मांडीवर घेऊन मला अक्षरं गिरवायला लावली, तिने मला श्रीयुत लिहावं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. पत्र तीन आठवडे फळीवर पडून होतं. आपल्या कन्येने रोज विचारलं. मी म्हणालो, नियम सात: न फोडलेलं कव्हर म्हणजे वर्ग अ, एकाला तीन मिळतात. ती म्हणाली, नियमाचं सांगू नका, तुम्ही घाबरता. एवढं ऐकल्यावर मी ते उचललं आणि बंदच्या बंद फिरत्या पेटीत टाकलं. मंडळात माझं आजवरचं एकमेव 'अ' वर्गाचं कव्हर! आणि ते उचललं कोणी? आपण. बदल्यात तीन तिकोनी तिकिटांची कव्हरं टाकलीत, वर 'प्रगती समाधानकारक' असा शेरा. बाबा, त्यावर माझं नाव ढळढळीत लिहिलं आहे, आत चांगली जाड घडी आहे, हाताला लागते. आपण भिंग लावून शिक्क्याची तारीख वाचलीत आणि आपल्याला एवढंही वाटलं नाही की हा मूर्ख माणूस हे न वाचता का देतो आहे?

काल तोच सुतार माझ्या खिडकीवर आला, नळाची तक्रार घेऊन. अर्ज देता देता म्हणाला, "साहेब, रविवारी येतो तुमच्याकडे. ताईंनी तुमच्या अर्ध्या कपाटाची मापं घ्यायला सांगितलंय. पत्रात सगळं लिहिलंय म्हणाल्या." मी म्हटलं, हो हो, या. दुसरं काय म्हणणार? वाचलं नाही, विनिमयात दिलं, असं सांगू? रात्रभर माझं डोकं तापलेलं आहे. हिला आता उरलेलं अर्धंही न्यायचं आहे का? आपली कन्या म्हणते, न्यायला माप कशाला लागतं, हातगाडी लागते. माप जोडायला लागतं. असेलही. नसेलही. पाच दिवसांवर रविवार आला आहे आणि आत काय आहे हे मला माहीत नाही, आणि ते आपल्या पोलादी कपाटात, पारदर्शक पिशवीत, माझ्या बहिणीचं पत्र, वर्ग अ म्हणून पडलं आहे!

तरी फॉर्मवर लिहा: मिळवलेलं, एक शिक्का. गमावलेलं, वर सांगितलं आहे. मी राजीनामा देत आहे. कव्हर परत करावं.

आपला नम्र आणि संतप्त,
जावई

ता. क. तीन तिकोनी कव्हरं सोबत परत पाठवली आहेत. (दोन. तिसऱ्यावर पक्षी आहे, तो आपल्या कन्येला आवडला.)

ता. क. २. राजीनाम्याचं एवढ्यात दातांच्या डॉक्टरांना सांगू नये. ते लगेच फेब्रुवारीतलं तपकिरी पाकीट मागतील. ते मी नियमाप्रमाणे बदलून घेतलेलं आहे, परत मिळणार नाही.

ता. क. ३. आपल्या कन्येने हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, कव्हर परत आलं तर मी ते पुन्हा फळीवर ठेवीन. बरोबर आहे, ठेवीन. म्हणून परत पाठवू नका. आपणच फोडा. वाचा. कपाट मागितलं असेल तर फोनवर आपल्या कन्येला सांगा, मला नको. दुसरं काही असेल तर मला बोलवा. मी आवाज चढवणार नाही. आणि बाबा, सुरी शोधू नका, वाफ देत बसू नका, शिक्क्यावरून फाटलं तरी चालेल. बोट घाला आणि फाडा.