चुलीचा तिसरा गोटा

हुडकेश्वर, नागपूर
माघ, १९८३

धाकट्या बहिनीले, सौ. वच्छलेले, थोरल्या सत्यवतीचा पोटभर आशीर्वाद. तुह्या गुडघ्याईचं कसं आहे? मनोहररावाईचा राग उतरला का? (दोन्हीवर शेक द्यावा.) माह्या तब्येतीचं इचारू नको, हेव्यानं अन्न गोड लागून नाई राहिलं.

तुमचा नवरा-बायकोचा हुकूम होता, आपली पोट्टी चारुशीला शाळेच्या शिबिरात काय करते ते पाहून लिव, मंगच दुसऱ्या शिबिराले पाठवाचं का नाई ते ठरवू. तं मी सैपाकीन बनून गेली. पाहते काय, चौदा पोट्ट्या नाल्याकाठी पालथ्या पडून दगड चाटून राहिल्या! पुष्पलता मास्तरीनबाई म्हने, साधा गोटा जिभेले चिकटत नाई, करोडो वर्षांचं हाड असलं तं चिकटते. आपन चिंचेवर चढलो तं आबानं शाळेतूनच काढलं होतं (चौथीतून, आठवते ना वं?), अन् ह्याईले दगड चाटाले फुकटची खिचडी!

तीन दिवस पोट्ट्याईले बोटाएवढंही हाड भेटलं नाई. मी त्याच नाल्यातले तीन गोटे मांडून चूल केली होती. शेवटच्या दिवशी चूल मोडली, तं तुही चारू तिसरा गोटा उचलते काय, राख पुसून जीभ लावते काय, अन् चिकटली वं जीभ! मास्तरीनबाई नाचाले लागल्या. दहा म्हशीएवढ्या जनावराच्या मांडीच्या हाडाचा तुकडा म्हने. मी म्हनलं, "बाई, आनला मी, तापवला मी, नाव माहं लिवा." तं म्हने, "काकू, शिबिर मुलींचं आहे, वहीत मुलीचंच नाव लागतं." लिवलं मंग, शोधक कु. चारुशीला. वरून पोट्टी मले म्हनते, "मावशी, तू काहून नाई चाटून पाह्यलं?" अवं, एकादशी होती! (तरी आडोशाले जाऊन चाटलंच. चिकटलं. उपास राह्यला का मोडला, ते मी कोनाले इचारलं नाई.)

तवा मनोहररावाईले सांग, पोट्टी उन्हानं काळी झाली, जीभ लांब झाली, अजिबात पाठवू नका.

तुही अक्का,
सत्यवती

ता.क. वरची शेवटची ओळ त्याईले वाचून दाखवू नको. रागात लिवली. पोट्टी नाई गेली तं मले तिथं कोन उभं करते?

ता.क. दुसरा : दुसऱ्या शिबिराच्या अर्जावर बापाची सही मीच ठोकली, शेपटीसकट. शाळेनं इचारलं तं त्याईनं फक्त मान हालवावी. सोबतच्या पालकात नाव माहं आहे. सैपाकाले बाईनं दुसरी कोनी पाहावी, मले हातोडी पाह्यजे.