अंगणातली मानमोडी

६ फेब्रुवारी १९३४, मंगळवार
चांदसाबनं बाजारातून दोन कोंबडे आणले. पंधरा दिवस मागच्या खोपटात वेगळे ठेव म्हटलं. "भाभी, मास्तरकी शाळेत करा की!" — आणि दिले सोडून आमच्या अकरा कोंबड्यांत! माझ्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. अकलेचा कांदा. बरं आहे, घरात मराठी मी एकटीच वाचते.

११ फेब्रुवारी
नव्यांतला एक कोंबडा पिसं फुलवून कोपऱ्यात बसलाय. चांदसाब म्हणे, नजर लागली. मिरच्या ओवाळल्या. कोंबड्यावरून!

१३ फेब्रुवारी
सकाळी तीन मेलेल्या. बाकीच्या चोच वासून श्वास ओढतात. हिरवट-पांढरी हगवण. एकीची मान पार पाठीवर वळलेली. जनावरांच्या दवाखान्यात गेले. रामहरी कंपाउंडर ऐकूनच म्हणाले, "मानमोडी. औषध नाही, बाई. मेलेल्या जाळा, खुराड्याला चुना मारा. अंगणाबाहेर एक पीससुद्धा जाऊ देऊ नका."

घरी येते तर चांदसाब उरलेल्या कोंबड्या पाटीत भरतोय! "जित्या हायत तवर खपवतो की!" निर्लज्ज. दाराला कुलूपच घातलं.

१४ फेब्रुवारी
त्याच्याच हातानं सगळ्या कापायला लावल्या. जाळताना रडला. एवढा मिशाळ बाप्या — कोंबड्यांसाठी!

माझी कबरी कोंबडी तेवढी ठेवली. अम्मीनं दिलेली. ठणठणीत आहे. स्वयंपाकघरात टोपलीखाली झाकलीय. तिची गोष्ट वेगळी.

१७ फेब्रुवारी
शाळेतून आले तर टोपली उलटी. कबरी भिंतीपलीकडे, शिवबाईच्या कोंबड्यांत दाणे टिपत होती! शिवबाई विधवा, अंडी विकून जगते. नशीब, ती पाण्याला गेली होती. कबरीला गुपचूप उचलून आणलं. एवढ्याशा वेळात काय होतंय?

२३ फेब्रुवारी
शिवबाईच्या नऊच्या नऊ गेल्या. आमच्या दारात येऊन चांदसाबला बोलली, "तुज्या कोंबड्यांनी वाटोळं केलं माजं! आता खाऊ काय?" हा मान खाली घालून, "व्हय मौसी, चुकलं माजं." बावळट! उलटून एक शब्द नाही!

मी आत भाकऱ्या थापत राहिले.

२४ फेब्रुवारी
कबरीची मान वळली. दुपारी गेली.
तिला टोपलीत घालून, वर फडकं टाकून शिवबाईच्या दारात गेले. "चूक चांदसाबची नाही, माझी," म्हटलं, आणि फडकं काढलं.